कुत्रीला ऐकू येतं ते

बटण दाबायच्या आधीच टुइस्कू उठते,
दाराच्या फटीला नाक लावून उभी राहते.
तिला कळतं, आता टाकीतलं पाणी बोलणार.
मला नुसती गुणगुण ऐकू येते,
डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी.
तिला काय ऐकू येतं, तिचं तिलाच ठाऊक.
मी दार उघडते. ती बर्फात जाऊन बसते,
वीस मिनिटं, तळ्याकडे तोंड करून.

सकाळी एल्यास कोर्पेला आला होता, नुर्मेसहून.
चौतीस वर्षं बस चालवून आता रिकामा.
काखेत घोंगडीत गुंडाळलेली बंदूक,
तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात आणावं तशी.
"आजोबांची. सॉनाच्या माळ्यावर सापडली.
चकचकीत नको. स्वच्छ हवी."
पोलिसांचे कागद आधीच करून आणलेले, घड्यासुद्धा सरळ.
म्हणाला, म्हातारा लढाईबद्दल अवाक्षर बोलला नाही.
फक्त दाराकडे पाठ करून
कधी जेवायला बसला नाही.

बोल्ट सुटत नव्हता.
ऐंशी वर्षांचं ग्रीस,
पाइनच्या डांबरासारखं साकळलेलं.
केस वाळवायच्या यंत्रानं शेकलं,
लाकडी हातोडीनं मनधरणी केली,
तेव्हा कुठं तो हलला.
लाकूड बाजूला ठेवलं, लाकडाला हे पाणी सोसत नाही.
मग जाळीच्या टोपलीत
टोचणी, स्प्रिंग, रिकामं काडतूस ओढणारी नखी,
एकमेकांना लागणार नाहीत अशी मांडली,
भांडखोर भावंडांना एका खाटेवर निजवावं तशी.
पंचावन्न अंश. साबण बेताचा.

शिकाऊ होते तेव्हा उस्ताद रेइयोनी
चांदीच्या कागदाचा तुकडा या पाण्यात धरला होता.
मिनिटभरानं काढला तर त्याची चाळण.
"बुडबुडे, आउने. जन्मतात आणि फुटतात, बस्स.
पण फुटताना चिमटा काढतात."
जिथं ब्रश जात नाही, चिंधी जात नाही,
बायकोचा प्रश्नही गेला नसेल,
तिथं.

आधी धुराची एक रेघ निघाली,
मग पाण्याचा चहा झाला,
मग मे महिन्यातली दलदल.
वास आला मासळीच्या तेलाचा, आणि आणखी कशाचा तरी,
मी नाव शोधत बसले नाही.

बाहेर काढल्यावर घाई करावी लागते.
इतकं उघडं लोखंड
हवा लागली की बघता बघता नारिंगी होतं.
गरम वारा, तेल, पुन्हा तेल.
मग भिंगाखाली आकडे वर आले.
नळीवर एक. बोल्टवर दुसराच.
नळीवर चौकटीतली आपली दोन अक्षरं, एस आणि ए.
बोल्टवर काहीच नाही, फक्त पलीकडच्या लिपीतलं
एक अक्षर, पोट फुगलेलं.

फोन केला.
"म्हणजे आजोबांची नाही?"
"नळी आजोबांची. बोल्ट दुसऱ्या कुणाचा तरी."
"कुणाचा?"
मी काय सांगणार. सीमा इथून गाडीनं तासाभरावर,
आणि त्या साली बर्फात
पडलेल्या वस्तू पुष्कळ होत्या.
पलीकडे चमचा कपात फिरत राहिला,
साखर कधीच विरघळली असणार.
"आकडा घासून काढता येईल?"
"येईल," म्हटलं. "पण मी काढणार नाही."
चमचा थांबला.
बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
"बसतो का नीट? एकमेकांत?"
मी बोल्ट आत सरकवला, फोन जवळ धरला,
त्याला ऐकू जावं म्हणून.
चपखल.
त्यानं काहीच म्हटलं नाही. फोन ठेवलाही नाही.

गाळ तळाशी बसायला रात्र जाईल,
मग पिंपात, मग नगरपालिकेच्या गाडीत.
मी टाकी झाकली, दार उघडलं.
टुइस्कू आली, मिशांवर बर्फ,
टेबलावरचं एकेक हुंगलं,
तेलानं शिंकली,
आणि शेगडीपाशी वेटोळं करून पडली,
दाराकडे पाठ करून.